महापुरासाठी उभयचर वाहन : यांत्रिक चालना की हायड्रॉलिक?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे दगावली आणि २०२१ मध्ये नदीने पुन्हा धोका पातळी ओलांडली. त्यामुळे नदीकाठची एखादी ग्रामपंचायत किंवा साखर कारखाना जमिनीवर आणि पाण्यातही चालणारे वाहन घेण्याचा विचार करत असेल, तर तो अगदी रास्त आहे. मात्र असे वाहन निवडताना त्याच्या रंगरूपापेक्षा इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते, हे आधी पाहावे, असे हायड्रॉलिक, म्हणजे दाबाच्या तेलावर चालणाऱ्या, यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामात असलेला माणूस म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आपला पूर शिवारात पसरतो. एका ठिकाणी पुरुषभर पाणी, पुढे शंभर पावलांवर गुडघाभर, मध्येच बांध आणि आडवा पडलेला ऊस, अशी स्थिती असते. तेथे बोट टेकते आणि ट्रॅक्टर बुडतो. उभयचर वाहनाचा खरा उपयोग याच पट्ट्यात आहे.

पहिला पर्याय मोठ्या, कमी हवेच्या टायरांच्या वाहनाचा. भारतीय लष्कराने घेतलेले ‘अ‍ॅटोर एन १२००’ हे याच जातीचे असून ९६ वाहनांचा तो करार सुमारे २५० कोटी रुपयांचा होता. यावरून एका वाहनाच्या खर्चाचा अंदाज यावा. १,२०० किलो भार घेणारे हे वाहन पाण्यात टायरांच्या खाचांनीच वल्ह्यासारखे पाणी मागे ढकलते. याच घडणीच्या ‘शेर्प’ वाहनात इंजिनाची ताकद क्लच, गिअर आणि साखळ्यांमार्गे चाकांपर्यंत जाते. एका बाजूची चाके रोखली की वाहन त्या बाजूला वळते. हायड्रॉलिकचे काम येथे ब्रेकपुरते असते. तरंगण्यासाठी हायड्रॉलिक चालना लागतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वीस हजारांहून अधिक संख्येने बनवलेले ‘डक’ हे वाहनही पाण्यात साध्या दांड्याने फिरणाऱ्या पंख्यावर चालत असे.

या जातीची मर्यादा वेगाची आहे. पाण्यात ताशी सुमारे ६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटरही नाही. महापुरात मध्यधारेचा वेग त्याहून सहज जास्त असू शकतो. म्हणून हे वाहन शिवारातून, गल्लीतून आणि बुडालेल्या रस्त्यावरून माणसे काढण्यासाठी आहे, भर पात्र ओलांडण्यासाठी मुळीच नाही. ते काम बोटीचेच राहील आणि बोटींचा खर्च कापून हे वाहन घेऊ नये.

दुसरा पर्याय संपूर्ण हायड्रॉलिक चालनेचा : पोकळ तरंगत्या पेट्यांभोवती (पोंटून) रणगाड्यासारखे पट्टे, म्हणजे ट्रॅक, फिरणारे उभयचर खोदाई यंत्र (एक्स्कॅव्हेटर), किंवा जलपर्णी कापणारी ‘ट्रुक्सर’सारखी लहान यंत्रे. यांत इंजिन पंप फिरवते, पंप तेल दाबाने होज पाइपमधून पाठवतो आणि ट्रॅकवरची मोटर त्या तेलावर फिरते. पंपातील तिरप्या तबकडीचा कोन बदलता आला की गिअरबॉक्सशिवाय वेग कमीजास्त होतो, दिशाही उलटते. एक ट्रॅक पुढे आणि दुसरा मागे फिरवून यंत्र जागच्या जागी वळते. जोरही प्रचंड मिळतो : ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर २०० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट) दाब दिला, तर सुमारे १० टनांचा रेटा तयार होतो. गाळात रुतलेला ट्रॅक सावकाश पण न थांबता फिरत राहतो, तो यामुळेच. याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. पंप आणि मोटर दोन्हीकडच्या गळतीमुळे आणि घर्षणामुळे इंजिनाच्या ताकदीपैकी साधारण ७० ते ८० टक्केच कामाला येते, आणि तेल थंड करणारा कूलर चिखलाने बुजला की तेवढीही मिळत नाही.

बचावासाठी मात्र हे यंत्र कामाचे नाही. ते पाण्यात चालीच्या वेगाने सरकते, आणि डांबरी रस्त्यावर ते लो-बेड ट्रेलरवर लादूनच न्यावे लागते. पूर नदीकाठच्या अंकलखोपला आणि यंत्र सांगलीजवळच्या कुपवाडला उभे असेल, तर मधले रस्ते बंद झाल्यावर त्याचा उपयोग शून्य. पण वर्षातले उरलेले महिने नाल्यांतील गाळ आणि जलपर्णी काढून ते पैसे फेडते, जे टायरवाले वाहन फेडणार नाही.

चाके हायड्रॉलिकने पोटात ओढून जेटवर, म्हणजे पाण्याचा झोत मागे फेकून, पळणाऱ्या वाहनांचा मोह टाळावा. २००३ मध्ये आलेली ‘अ‍ॅक्वाडा’ पाण्यात ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावत असे. पण पाचट आणि जलपर्णी वाहून आणणाऱ्या आपल्या पुरात जेटची जाळी पहिल्या फेरीतच तुंबेल.

२०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्याकडे बुडालेले एक खोदाई यंत्र आले होते. टाकीचा प्लग सैल केला, तर आधी स्वच्छ पाणी आले आणि मग दुधाळ, चहासारखे तेल. मालकाने घाईने ते एकदा सुरू करून पाहिले होते, आणि तेवढ्यात पंपाच्या पिस्टनांवर नखाला लागतील असे ओरखडे उठले होते. पाणी टाकीत हवा आत-बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून शिरले होते, साध्या, हाताएवढ्या टोपणातून. उभयचर यंत्रात हा धोका रोजचा असतो. होज फुटला तर जॅकच्या आणि जेसीबीच्या कामामुळे क्रिम्पिंग (होजची टोके दाबून बसवणे) करून देणारी दुकाने आपल्या भागात आहेत; बदलत्या कोनाचा पंप मात्र गेला, तर ऐन पुरात तो कोठून आणणार?

म्हणून पाच-सहा गावांनी मिळून केवळ बचावासाठी वाहन घ्यायचे असेल, तर यांत्रिक चालनेचे टायरवाले घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाले आणि तळी ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या संस्थेने ट्रॅकवाले हायड्रॉलिक यंत्र घ्यावे. दोघांनीही सही करण्यापूर्वी विक्रेत्याला पूर्ण भारासह ते पाण्यातून चिखलाच्या चढावर बाहेर काढून दाखवायला लावावे, रात्रभर उभे ठेवावे, आणि हायड्रॉलिक यंत्र असेल तर सकाळी इंजिन सुरू करण्याआधी टाकीच्या तळाचे कपभर तेल काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरावे आणि ते दुधाळ नाही ना, हे पाहावे.