गंधपुरा तेलात मुरवलेले ‘सुपर सॉफ्ट’ टायर

आरसी ट्रकचे, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांचे, कडक झालेले टायर तेलात मुरवायचे, मऊ पडले की पाकिटात घालून ‘नवे, सुपर सॉफ्ट’ म्हणून विकायचे, असा एक धंदा सध्या आपल्या हौशी मंडळींत चालू आहे. मी आणि माझा भाचा त्यात पोळलो आहोत. मातीच्या ट्रॅकवर शॉर्ट कोर्स ट्रक पळवणाऱ्यांनी पुढचा सेट घेण्याआधी हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

भाच्याकडे टू-व्हील ड्राइव्ह स्लॅश आहे, ट्रॅक्सस कंपनीचा शॉर्ट कोर्स ट्रक. पुण्याच्या आसपास आम्ही जिथे चालवतो तो ट्रॅक मुरमाचा. सकाळी पाणी मारलेलं असतं तोवर माती दबते. तेव्हा उंच आणि सुटे सुटे ठोकळे असलेला टायर तिच्यात रुततो आणि गाडी वळणात धरून ठेवतो. उन्हं चढली की वरचा थर सुटतो, खालची जमीन टणक आणि वर बारीक खडी. मग तोच उंच ठोकळा वाकतो, मागचं टोक सुटतं आणि गाडी गर्रकन फिरते. त्या वेळी बुटक्या, दाट पिनांचा टायर बरा. हे झालं नक्षीचं. रबराचं गणित वेगळं असतं. प्रो-लाइन या टायर कंपनीच्या भाषेत एम२ मध्यम, एम३ सॉफ्ट आणि एम४ सुपर सॉफ्ट. जेकन्सेप्ट्स ही दुसरी कंपनी रंगांवरून सांगते, निळा सॉफ्ट आणि हिरवा सुपर सॉफ्ट. रबर जितकं मऊ तितकी पकड जास्त आणि झीजही जास्त, आणि मुरूम तर कानशीसारखा घासतो.

विक्रेत्याने नेमकी हीच गरज हेरली. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ओळखीतून नंबर मिळाला. माणूस गोड बोलणारा, स्वतः रेस करतो असं सांगणारा, शॉक ऑइलपासून डिफरन्शियलपर्यंत गाडीतल्या सगळ्याची माहिती असलेला. “तुमच्या ट्रॅकला सकाळी हिरवाच लागेल, दुपारी निळा. दोन्ही आहेत माझ्याकडे. चुलतभाऊ अमेरिकेहून बॅगेतून घेऊन आला, म्हणून ड्युटी नाही आणि बिलही नाही.” सोबत व्हिडिओ पाठवला. त्यात तो टायर अंगठ्याने दाबतो, पिना सहज वाकतात, नख रुतवलं की खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. आपल्याकडे सगळे जण टायर असाच पारखतात, आणि तो बरोबर तेवढ्याच परीक्षेची तयारी करून बसला होता.

दोन्ही सेट मागवले. पार्सल उघडल्याबरोबर भाचा म्हणाला, “मामा, ह्याला बामाचा वास येतोय.” फोन करून विचारलं तर उत्तर तयार होतं: नव्या रबराचा वास असतो तो, पाकिटात कोंडला गेलाय, दोन दिवस उघड्यावर ठेवा. फोम घातले, रिमवर बसवले, कड स्पिरिटने पुसून सुपरग्लू सोडला. ग्लू धरेना. पुन्हा पुसलं, पुन्हा लावला, आणि अखेर धरल्यासारखा वाटला.

पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे शर्यतीच्या प्राथमिक फेरीत, डबल जंपवरून उतरताना मागचा उजवा टायर रिमवरून अर्धा सुटला. गाडी कोलांट्या खात बांबूच्या कडेवर आदळली, खालचा आर्म तुटला, पुढची चाकं वळवणाऱ्या मोटरचे, स्टिअरिंग सर्व्होचे, दात गेले. पोरगं महिनाभर त्या शर्यतीची तयारी करत होतं. खिशातून गेलेले पैसे मी विसरेन, त्याचा त्या वेळचा चेहरा विसरणार नाही.

ट्रॅकवरच्या एका जुन्या खेळाडूने सुटलेला टायर हातात घेतला, वास घेतला आणि लगेच सांगितलं, “गंधपुऱ्याचं तेल आहे हे.” गंधपुरा म्हणजे विंटरग्रीन. सांधेदुखीच्या मलमांत असतं ते, त्यातला मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट. रबर ते शोषून घेतं, फुगतं आणि मऊ पडतं. गो-कार्टच्या जगात टायर असे मुरवण्याची लबाडी जुनी आहे, बऱ्याच स्पर्धांत त्यावर बंदी असते. ग्लू का धरत नव्हता तेही तेव्हा उलगडलं. कड वरून कितीही पुसली तरी आतलं तेल झिरपून वर येतच राहतं.

आमचा दुसरा सेट अजून न वापरलेला होता. त्यातला एक टायर आणि माझ्याकडचा खात्रीचा, दुकानातून बिलासह घेतलेला सॉफ्ट टायर खिडकीशी शेजारी शेजारी टांगून ठेवले. एका मित्राकडे ड्युरोमीटर आहे, रबराचा कडकपणा ‘शोअर ए’ मापात दाखवणारं घड्याळासारखं छोटं उपकरण. दोन्ही टायर सावलीत, एकाच वेळी मोजायचे, कारण उन्हात तापलेलं रबर मऊच लागतं. सुरुवातीला मुरवलेला टायर खात्रीच्या टायरपेक्षाही मऊ होता. तेल उडत गेलं तसा त्याचा आकडा वर चढत गेला. शेवटी तो पार कडक झाला आणि पिनांच्या बुडाशी बारीक भेगा दिसू लागल्या. खात्रीचा टायर जवळपास होता तसाच राहिला.

टायर ज्या कंपनीचे होते तिचा यात काही दोष नाही. एकाच साच्यातून एकच नक्षी वेगवेगळ्या रबरात निघते, त्यामुळे बाजूला कोरलेल्या नावावरून नक्षी कळते, रबर कळत नाही. रबराची माहिती असते पाकिटावर, आणि आमचं पाकीट साधं पारदर्शक, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. आयात करून विकलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना आणि वर्ष छापलेलं असावं लागतं, तसा २०११ चा वजनमापांचा नियमच आहे. ‘बॅगेतून आणला’ ही सबब हे सगळं टाळण्यासाठीच पुढे केली जाते. एकदा आणलेलं सामान समजू शकतो, पण या माणसाकडे दर महिन्याला नवा लॉट येतो.

पैसे परत मागितले तर म्हणाला, माती लागलेला माल परत घेत नाही. न वापरलेल्या सेटचा फोटो पाठवला तर म्हणाला, तुम्हीच सॉस, म्हणजे टायर मऊ करायचं द्रव, लावला असेल. त्यानंतर नंबर ब्लॉक. याचा मला मनापासून संताप आहे. आपला छंद मूठभर लोकांचा, सगळा विश्वासावर चालणारा. त्यात पहिल्यांदा टायर घेणारं पोरगं गाठून त्याला गंडवणं हा निव्वळ नीचपणा आहे.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, तरी यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज आणि तो अंगठ्याचा व्हिडिओ जपून ठेवलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. एकाच प्रकारे फसलेले बरेच ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. म्हणून विनंती: बिलाशिवाय घेतलेल्या तुमच्या टायरना बामाचा वास येत असेल किंवा सुपरग्लू धरत नसेल, तर ते धुऊ नका. झिपच्या पिशवीत बंद करा, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा. आमचा उरलेला सेट आम्ही तसाच ठेवलाय, आयोगापुढे ठेवायला.