खाकी कागदाची फरशी: काही महिने वापरल्यानंतर (कडा सील केल्याशिवाय करू नका)

परवा दारात फरशी पुसायची बादली कलंडली, म्हणून हे लिहायला बसलोय. खोलीच्या मधे जे पाणी सांडलं ते पुसून घेतलं, तिथे काही म्हणजे काही झालं नाही, साधा डागसुद्धा नाही. पण उंबऱ्याला लागून जिथे कागद संपतो तिथे सकाळी बघतो तर पांढुरकी पट्टी उठलेली आणि कड इतकी मऊ की नखाने सोलून निघेल.

खाकी कागद फाडायचा, चुरगाळायचा, पातळ केलेल्या पांढऱ्या गममध्ये भिजवून तुकड्यावर तुकडा चढवत जमिनीवर चिकटवायचा आणि वरून पीयूचे (पॉलियुरेथेन, म्हणजे पारदर्शक वार्निशचे) हात मारायचे, ही पद्धत बहुतेकांनी बघितली असेल त्यामुळे पूर्ण सांगत नाही. गम १ भाग आणि पाणी साधारण २ भाग. वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, तो ओला झाला की हातातच तुटतो आणि शाई सुटते. खाकी कागदाचे तंतू लांब असतात म्हणून तो भिजूनही टिकतो.

दिसायला मात्र फरशी खरंच देखणी झालीय, यात तडजोड नाही. चुरगाळल्यावर ज्या घड्या पडतात त्या गम आणि रंग जास्त पितात, त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर बारीक गडद शिरा उमटतात आणि खाली बसून बघितलं तर जुनं चामडं अंथरल्यासारखं वाटतं. कागदाच्या कारखान्यात कापलेल्या सरळ कडा आधी फाडून वेगळ्या काढा, त्या भिंतीलगत कामाला येतात. मधे एक जरी सरळ कड आली तरी नजर तिथेच जाते.

सुरुवातीला मला सगळी काळजी फुग्यांची होती. चिकटवल्यानंतर कागद ओला असताना जागोजागी फुगलेला दिसतो आणि वाटतं की गेलं सगळं काम पाण्यात. पण ओला कागद पसरतो आणि सुकताना आकसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बरेचसे फुगे आपोआप ताणून बसले. उरले त्यांना ब्लेडने बारीक चीर देऊन सिरिंजने गम सोडला आणि दाबलं, आता शोधूनही सापडत नाहीत. तेव्हा फुग्यांवरचं माझं मत पूर्ण बदललंय, तो प्रश्नच नाही.

ओरखड्यांचंही तसंच. खुर्चीची चाकं फिरतात तिथे रेघा आल्या, पण त्या पीयूच्या थरातच आहेत, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवून वर एक कोट दिला की जातात. हलकाच हात, कारण कागदापर्यंत पोचलात की रंग निघून फिकट चट्टा पडतो. म्हणून कोटात कंजूषपणा नको. कागद स्वस्त आहे म्हणून हे काम स्वस्त पडतं हे खरं, पण पायाखाली रोज झिजतो तो पीयू, कागद नाही. वॉटर बेस्ड असेल तर सहा हात तरी धरा. आणि डब्यावर चोवीस तासांनी चाला असं ठळक छापतात त्याचा मला राग येतो, कारण चालता येतं म्हणजे थर पक्का झाला असं नाही, पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात आणि हे मात्र मागे बारीक अक्षरात. तोवर जड कपाट किंवा गालिचा टाकू नका.

आता परत कडेकडे. वरून सगळं बंद असतं पण कापलेली कड उघडीच राहते, कागदाचे तंतू तिथून पाणी आडवं आत ओढून घेतात आणि साधा पांढरा गम सुकल्यानंतरही पाणी मुरलं की परत मऊ पडतो. वर पीयू असल्यामुळे ते पाणी लवकर बाहेरही येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत दाराच्या कडेबद्दल चकार शब्द नाही! सगळे खोलीच्या मध्यभागी कॅमेरा धरून मोकळे. बाथरूमला ही फरशी नकोच, आणि खाली कोबा असेल तर आधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा, खाली दव जमलं तर ओल वरून नाही, खालून येणार आहे.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली, एवढं श्रेय द्यायलाच हवं. खराब पट्टी सोलली, खालचं पूर्ण सुकू दिलं, नवे तुकडे वेडेवाकडे फाडून लावले, जोड कुठेय ते घरातल्यांनाही सांगता येत नाही. त्यासाठी त्याच बंडलातला कागद बाजूला ठेवा, वेगळ्या बंडलाची छटा जुळेलच असं नाही. यावेळी कडेवरून पीयू खालच्या फरशीवर थोडा उतरवला, वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकली आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरलं. दुसऱ्या खोलीचं काम काढणार आहे, तिथे पट्टीचं माप आधी घेऊन ठेवलंय.