वर्कशीटचा ‘मेगा बंडल’ विकत घेण्याआधी हे वाचा

लहान मुलांना शिकवणाऱ्या, त्यातही इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर वर्कशीटच्या, म्हणजे मुलांकडून सोडवून घ्यायच्या सरावाच्या पानांच्या, गठ्ठ्याची ही जाहिरात कधी ना कधी येतेच. हजारो पानं, सगळं छापायला तयार, एकदाच पैसे भरा आणि आयुष्यभर वापरा. खाली उलटं धावणारं घड्याळ असतं: सवलत संपायला अमुक मिनिटं उरली. पान बंद करून पुन्हा उघडलं की तेच घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. मी अशाच एका विक्रेत्याकडून गठ्ठा घेतला आणि माझी फसवणूक झाली. विक्रेत्याचं नाव लिहून उपयोग नाही, ही मंडळी नाव बदलून पुन्हा येतात. फसवणुकीची रीत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर सांगते.

जाहिरातीतली नमुन्याची पानं खरोखर उत्तम होती. ‘ए’ या अक्षराच्या ‘ॲ’ उच्चाराचं पान होतं. त्यावर मोजकी, स्वच्छ चित्रं आणि गिरवण्याच्या अक्षराला कुठून सुरुवात करायची ते दाखवणारे बाण. लहान ‘ए’सुद्धा मुलं हातानं काढतात तसा, गोल आणि बाजूला दांडी, पुस्तकी छपाईतला वर छत्री असलेला नव्हे. इतकी बारकाई वर्गात वर्षं काढलेल्या माणसालाच सुचते. अशी पानं पाहून कोणत्याही शिक्षकाचा विश्वास बसेल, आणि विक्रेत्यालाही नेमकं तेच हवं असतं. ती पानं त्याची नव्हतीच.

पैसे भरल्यावर एका ड्राइव्हची, म्हणजे फाइली ठेवलेल्या ऑनलाइन जागेची, लिंक आली. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर. हजारोंचा आकडा कसा गाठला होता ते उघडून पाहिल्यावर कळलं. एकच पान रंगीत आणि काळंपांढरं असं दोनदा धरलेलं. कागदाच्या दोन मापांत पुन्हा तेच. मुखपृष्ठं आणि उत्तरांची पानंही मोजणीत. ‘पहिली’च्या फोल्डरमधली फाइल नाव बदलून ‘दुसरी’च्या फोल्डरमध्येही होती. हे सगळं वजा केलं तर उरलेली पानं दोन जातींची होती: काही चोरलेली, बाकीची एआयच्या यंत्राकडून घाईघाईनं काढून घेतलेली.

चोरलेली पानं ओळखायला फार कष्ट पडले नाहीत. तळाशी जिथं निर्मात्याचं नाव आणि वापराची अट असते तिथं पांढरी पट्टी चिकटवली होती, आणि काही पानांवर त्या पट्टीनं शेवटच्या ओळीतलं अर्धं अक्षरही खाल्लं होतं. पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये काही फाइलींवर मूळ लेखिकेचं नाव तसंच राहून गेलं होतं. बाकीच्या पानांचे फोटो चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकल्यावर मूळ जागा सापडल्या. बहुतेक ठिकाणी ही पानं वर्गात वापरण्यासाठी फुकट दिलेली होती, आणि विकू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठी निर्माते जो क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावतात, त्यात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) ही दोन अक्षरं असली की व्यापारी वापराला मनाई असते. म्हणजे जे कोणालाही विनामूल्य मिळत होतं, तेच निर्मात्याचं नाव पुसून मला विकलं होतं. एका लेखिकेला मी कळवलं. तिचं उत्तर वाचून वाईट वाटलं: तिची पानं अशी विकली जाताना तिनं याआधीही पाहिली होती, आणि दर वेळी तक्रार करून ती काढून घ्यावी लागत होती.

चोरीचं पान निदान शिकवायला तरी बरं असतं. खरं नुकसान दुसऱ्या जातीच्या पानांनी केलं.

लहान मुलांच्या फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत, अक्षराचं नाव आणि अक्षराचा उच्चार या दोन वेगळ्या गोष्टी असतात. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, म्हणून सुरुवातीला एका अक्षराचा एकच साधा उच्चार पक्का करतात आणि चित्रं त्याच उच्चाराची निवडतात. या गठ्ठ्यात ‘ए’च्या ‘ॲ’ उच्चाराच्या पानावर एप्रन होता. ‘आय’च्या ऱ्हस्व उच्चाराखाली आइसक्रीम. ‘सी’च्या ‘क’ उच्चाराखाली खुर्चीचं चित्र, म्हणजे चेअर, ‘जी’च्या ‘ग’ उच्चारासाठी जिराफ, ‘यू’च्या ‘अ’ उच्चारासाठी युनिकॉर्न, ‘के’साठी चक्क सुरी, जिच्या इंग्रजी नावात ‘के’ ऐकूच येत नाही. ‘एक्स’साठी झायलोफोन तर चांगल्या पुस्तकांतही दिसतो, पण त्याची सुरुवात ‘झ’ अशी ऐकू येते. म्हणून जाणती माणसं ‘एक्स’ शब्दाच्या शेवटी शिकवतात, बॉक्स किंवा फॉक्समधून. ज्याच्या घरी इंग्रजी बोललं जातं ते मूल एप्रन पाहून गोंधळेल आणि पुढं जाईल. ज्याला इंग्रजी फक्त वर्गातच ऐकायला मिळतं, त्याच्यापाशी चूक ओळखायला दुसरा आधारच नसतो. कागदावर आहे ते बरोबर, असंच ते धरून चालतं.

गाळलेलं अक्षर भरण्याची पानंही तशीच. आधी ‘बी’, मग रिकामी जागा, मग ‘जी’. इंग्रजीतले पाचही स्वर इथं चालतात: बॅग, बेग, बिग, बॉग, बग. अशा पानावर सगळा भार चित्रावर असतो, आणि चित्र होतं एका पाठीवर पिशवी घेतलेल्या किड्याचं. उत्तरपत्रिकेत ‘बिग’ लिहिलं होतं. गिरवण्याच्या पानांवर ‘डी’ची सुरुवात उभ्या दांडीपासून दाखवली होती. मुलं मुळातच ‘बी’ आणि ‘डी’मध्ये अडखळतात, म्हणून ‘डी’ गोलापासून सुरू करायला शिकवतात. हात एकदा उलटा वळला की तो सोडवायला फार वेळ जातो. मोजणीच्या पानावर हाताला सहा बोटं होती आणि प्रश्न होता, बोटं किती? घड्याळाच्या पानावर एका तबकडीत 8 दोनदा होता आणि 9 नव्हताच.

‘डॉल्च 220’ नावाचा एक संच होता. एडवर्ड डॉल्च या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1936 मध्ये प्रसिद्ध केलेली नेहमीच्या शब्दांची ही यादी शिक्षकांना माहीत असते. त्या 220 शब्दांत नामं नाहीत. 95 नामांची यादी वेगळी आहे. इथं ‘220’च्या कार्डांत ॲपल आणि ट्री होते, ‘द’ दोनदा होता आणि ‘व्हेअर’ गायब. कुणीतरी नाव तेवढं उचललं होतं, यादी उघडूनही पाहिली नव्हती.

आणि ज्यासाठी मी मुख्यतः पैसे मोजले तो भाग, नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची पानं. ती वेगळी नव्हतीच. सर्वसाधारण पानाच्या मथळ्यात ‘ईएलएल’ (इंग्लिश लँग्वेज लर्नर, म्हणजे इंग्रजी शिकणारं मूल) ही अक्षरं जोडली होती, बस. या मुलांसाठीचं पान वेगळं असावं लागतं. सूचना एका छोट्या वाक्यात किंवा चित्रानं दिलेली, वापरायचे शब्द वर चौकटीत दिलेले, उत्तराच्या वाक्याची सुरुवात आधीच छापलेली, आणि पानाआधी बोलण्या-ऐकण्याचा एखादा खेळ. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची टोटल फिजिकल रिस्पॉन्स ही पद्धत कित्येक दशकं त्यासाठीच वापरली जाते: आधी ऐका, शरीरानं कृती करून दाखवा, बोलणं आणि लिहिणं मागून येतं. या गठ्ठ्यातल्या ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणजे चार ओळींची अवघड इंग्रजी सूचना आणि खाली रिकाम्या रेघा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला लावून वाचन शिकवायचं, असा तो प्रकार.

यातलं एक पान तपासायचं राहिलेल्या ढिगातून माझ्या सहकारी शिक्षिकेच्या वर्गात गेलं. शब्दशोधाचं होतं, अक्षरांच्या चौकटीत दडलेले दहा शब्द शोधायचे. एक मुलगी, नुकतीच इंग्रजी शिकू लागलेली, बाकी मुलं सोडून उठली तरी बसून शोधत राहिली. शेवटी तिनं कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली, मला येत नाही. नंतर आम्ही दोघींनी चौकट तपासली. दहापैकी बहुतेक शब्द त्यात नव्हतेच. ते शोधणं तिला जमलं नाही, कारण ते कुणालाच जमलं नसतं. त्या दिवशी माझ्या पैशांचा राग मागे पडला आणि हे लिहायचं ठरलं.

पैशांचं काय झालं तेही सांगते. विक्रेत्याला चुकांचे फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की डिजिटल माल परत घेतला जात नाही. मग दुसरा एक ‘सुधारित’ गठ्ठा सवलतीत देऊ केला. मी जाहिरातीखाली अभिप्राय लिहिला, तो काढून टाकला गेला आणि लगोलग ड्राइव्हची लिंकही बंद झाली. ‘आयुष्यभर’ तिथंच संपलं. तिथले बाकीचे कौतुकाचे अभिप्राय शब्दाशब्दानं दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या पानावर सापडले. मी पैसे कार्डानं भरले होते, म्हणून बँकेकडे वाद नोंदवला. माल मिळालाच नाही असं म्हणण्यापेक्षा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण दिलं आणि सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मूळ फुकट पानांच्या लिंक, पांढऱ्या पट्टीची पानं आणि लेखिकेचं उत्तर जोडलं. पैसे परत मिळाले. जाहिरात दिसताक्षणी तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, त्यांनी मला वाचवलं, कारण नंतर ते पान बदललं गेलं होतं. अशा तक्रारीला मुदत असते, ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकत ती उलटू देऊ नका. ज्यांनी परस्पर खात्यात पैसे पाठवले अशा दोघी जणी मला नंतर भेटल्या. त्यांच्या हाती काही लागलं नाही.

स्वतः पानं बनवून विकणारे प्रामाणिक शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यांना पैसे द्यायलाच हवेत. त्यांची ओळख पटते: संच छोटा असतो, एकाच विषयाचा असतो, परवाना एका शिक्षकासाठी की संपूर्ण शाळेसाठी ते लिहिलेलं असतं, आणि चूक दाखवली तर दुरुस्त फाइल येते. फुकट हवं असेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश किड्सवर लहान मुलांसाठी छापण्याजोगी पानं आहेत. तिथून सुरुवात करता येते.

तरीही एखादा मोठा गठ्ठा घ्यावासा वाटलाच, तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे त्यानं निवडलेली नव्हे, तुम्ही सांगाल ती पानं मागा: ‘आय’ आणि ‘यू’ची उच्चाराची पानं, ‘डी’ गिरवण्याचं पान, एक शब्दशोध त्याच्या उत्तरासकट, आणि नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचं कोणतंही एक पान त्याच्याच साध्या आवृत्तीच्या शेजारी ठेवून. सोबत लेखी विचारा की ही पानं कुणी बनवली आणि विकण्याचा हक्क कुणाकडून मिळाला. माझ्या विक्रेत्याला मी हा शेवटचा प्रश्न पैसे परत मागताना विचारला होता. त्यानंतर त्याचा एकही निरोप आला नाही.