आय-ट्रॅकर: आठ महिने वापरून झाल्यावर

माणूस दोन गोष्टींतून एक निवडतो तेव्हा आधी कशाकडे आणि किती वेळ बघतो, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला, संगणकाच्या पडद्याखाली बसवायचा ६० हर्ट्झचा आय-ट्रॅकर, म्हणजे नजर कुठे आहे ते टिपणारं यंत्र, आठ महिने जवळजवळ रोज वापरला.

यंत्र डोळ्यांवर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतं. पारपटलावरची त्याची चमक आणि बाहुलीचा मध्य यांवरून नजर कुठे आहे ते काढतं. सेकंदाला ६० नोंदी. नजर एका जागी साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद थांबते, त्यामुळे कशाकडे किती वेळ पाहिलं हे कळायला एवढं पुरतं. नजरेच्या उडीचा वेग मोजायचा असेल तर मात्र १००० हर्ट्झचं यंत्र बघा.

माझ्या प्रयोगात पडद्यावर एका बाजूला चिक्की, दुसऱ्या बाजूला राजगिऱ्याचा लाडू. जे निवडाल ते शेवटी खरोखर खायला मिळतं. शिमोजो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं, की दोन चेहऱ्यांतून आवडता निवडताना नजर हळूहळू शेवटी निवडल्या जाणाऱ्या चेहऱ्याकडे झुकते. तोच झुकाव माझ्या आलेखात उमटला, त्या संध्याकाळी मी आईला फोन करून तो समजावून सांगत बसले. पण बघितलं म्हणून आवडलं की आवडलं म्हणून बघितलं, हे नुसत्या नोंदींतून कळत नाही. त्यासाठी एक गोष्ट मुद्दाम जास्त वेळ दाखवून बघावी लागते. शिमोजो आणि सहकाऱ्यांनीही तेच केलं होतं.

आता मुख्य तक्रार. काजळ. यंत्र गडद बाहुली शोधतं आणि काजळाच्या रेघेलाच बाहुली समजून बसतं. जाड भिंगाच्या चष्म्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, वयस्कर माणसांच्या पापण्या उतरलेल्या असतात. कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्र त्या माणसाच्या नजरेशी जुळवून घेण्यासाठी त्याला बघायला लावायचे, नऊ ठिपके तीनतीनदा करूनही जमत नाही, मग त्या माणसाचा डेटा बाद. पहिल्या दोन महिन्यांची बाद झालेली यादी समोर घेऊन बसले तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यात बहुतेक काजळ घालणाऱ्या बायका आणि साठीच्या पुढचे लोक होते. म्हणजे "माणूस कसा निवडतो" असं म्हणत मी चष्मा नसलेल्या विशीतल्या मुलांबद्दलच लिहिणार होते. आता निमंत्रणातच काजळ न लावता येण्याची विनंती असते, खोलीत आरसा, कापूस आणि खोबरेल तेल ठेवलंय, दिवा बाजूला सरकवलाय. बाद झालेल्यांचा हिशेब प्रबंधात वेगळा देणार आहे.

मराठी मजकूर दाखवणार असाल तर ओळींत भरपूर जागा सोडा. ६० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाच्या नजरेची दिशा काढताना यंत्राची अर्ध्या अंशाची चूक म्हणजे पडद्यावर सुमारे अर्धा सेंटिमीटर. वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून ओळ आधीच उंच, त्यात नजर वरच्या ओळीवर की खालच्या, हे ठरत नाही. मी शेवटी किंमत आणि नाव वेगळ्या कोपऱ्यांत ठेवलं.

बाहुलीच्या आकारावरून मनावरचा ताण वाचायचा मोहही आवरा. कानमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये आकडे लक्षात ठेवताना बाहुली मोठी होते हे दाखवलं, ते खरंच. पण उजेडाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. दोन्ही चित्रांचा उजळपणा सारखा केला नाही, तर तुम्ही उजेडच मोजत बसाल.

प्रयोग वीस मिनिटांचा असला तरी माणशी पाऊण तास राखून ठेवा. गेल्या आठवड्यात, आधी बाद झालेल्या एका मावशींना पुन्हा बोलावलं होतं. चौथ्या खेपेला नऊच्या नऊ ठिपके जुळले.