कुशिंगवरची व्हेटोरिल: कॅप्सूल चोख, हिशेब मात्र घरच्यांनी ठेवायचा

व्हेटोरिल म्हणजे ट्रायलोस्टेन. डेक्रा कंपनीचं हे औषध कुत्र्यांच्या कुशिंगसाठीच, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याच्या आजारासाठीच, बनवलेलं आहे आणि अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने त्याला 2008 साली मान्यता दिली. 5, 10, 20, 30, 60 आणि 120 मिलिग्रॅम अशा ताकदीत ते येतं. मूत्रपिंडांजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार होताना लागणारं एक एन्झाइम ही कॅप्सूल काही तास अडवून धरते, बस एवढंच तिचं काम. आजार मुळातून जात नाही. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीतल्या बारक्या गाठीचा असतो, उरलेल्यांत अ‍ॅड्रिनलवरच गाठ असते. त्यामुळे कॅप्सूल रोजची आणि जन्मभराची.

औषध उत्तम आहे, यात वाद नाही. पण कॉर्टिसॉलचं सॅम्पल कुठे काढणार, कुठे तपासणार आणि रिपोर्ट किती दिवसांत हातात येणार, हे ठरल्याशिवाय पहिला बॉक्स मागवू नका. तपासणीशिवाय ही कॅप्सूल देणं धोक्याचं आहे, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडे खरी अडचण तिथेच येते.

आधी कुशिंगच आहे का ते बघू. दवाखान्यात येणारी पहिली तक्रार ठरलेली असते: "डॉक्टर, हाऊ भलतंच पानी पेस." भलतंच म्हणजे किती, ते मोजा. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण 40 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. 100 च्या वर गेलं की ते जास्तच. म्हणजे 12 किलोच्या कुत्र्यासाठी 1200 मिलिलिटर ही रेघ. सकाळी सातला मापाच्या जगाने भांडं भरा, दिवसभरात घातलेलं प्रत्येक पाणी लिहा, दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं मोजून वजा करा. सलग तीन दिवसांची सरासरी काढा. अंगणातली बादली, गुरांचा हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी बंद करा, नाहीतर आकडा खोटा येतो. कूलरखाली गळणारं पाणी चाटणारी कुत्री इकडे घरोघरी आहेत. एप्रिल-मे मध्ये भांड्यातलं पाणी नुसतं उडूनही जातं. तसंच दुसरं भांडं तितकंच भरून कुत्र्याच्या पोहोचेबाहेर, पण त्याच जागी ठेवा, आणि त्यातली घट हिशेबातून वगळा. घरात लघवी करतो म्हणून पाणी तोडणं मात्र कधीही नको. आधी लघवी जास्त होते, मग तहान लागते. पाणी तोडलं तर तो सुकतो, लघवी थांबत नाही.

पाण्याबरोबर भूक राक्षसासारखी, पोट लोंबतं, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू झिजतात, जिना चढवत नाही, रात्री गारव्यातही धापा, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ, कातडी कागदासारखी पातळ. हे सगळं एकदम दिसेल असं नाही. नुसते केस गेले आणि तहान-भूक जशीच्या तशी असेल, तर पॉमेरियनमध्ये तो बहुधा वेगळा, निरुपद्रवी प्रकार निघतो. थायरॉइड कमी असलं तरी केस जातात, पण ते कुत्रं खादाड होत नाही, सुस्त होतं.

रक्तात एएलपी हे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम वाढलेलं दिसलं की लिव्हर टॉनिकची बाटली सुरू करायची ही आपल्याकडची जुनी सवय. कुत्र्यांत वाढलेलं कॉर्टिसॉल स्वतःच एएलपी वर ढकलतं. बाटल्या संपतात, आकडा हलत नाही आणि कुशिंग तसंच राहतं.

दुसरा घोळ औषधांच्या डब्यात असतो. खाजेवर, कानावर, गजकर्णावर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मलमांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध असतं. कुत्र्याला लावलेलं तो चाटतो, आणि घरातल्या माणसाच्या हाताला लावलेलंही चाटतो. महिनोन् महिने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालल्या असतील तर तेच. हे बाहेरून आलेलं कुशिंग. त्यात अ‍ॅड्रिनल आधीच झोपलेली असते, त्यावर ट्रायलोस्टेन देणं म्हणजे जीवाशी खेळ. इथे उपाय एकच, स्टिरॉइड हळूहळू उतरवणं. एका झटक्यात बंद करायचं नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी मलमं, ड्रॉप आणि गोळ्यांचे पत्ते पिशवीत घालून न्या.

तपासण्यांत सगळ्यात सोपी लघवीतल्या कॉर्टिसॉल-क्रिएटिनिनच्या गुणोत्तराची. सकाळची पहिली लघवी घरीच स्वच्छ पळीत धरायची, दवाखान्याची धावपळ झाली असेल तर दोन-तीन दिवस थांबून. नॉर्मल आली तर कुशिंगची शक्यता फार कमी. जास्त आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण दुसरा कोणताही आजार किंवा ताण तिला वर नेतो. पुढची डेक्सामेथासोनची कमी डोसाची तपासणी: किलोमागे 0.01 मिलिग्रॅम शिरेतून, आणि रक्त सुरुवातीला, 4 तासांनी, 8 तासांनी. आठव्या तासाला कॉर्टिसॉल 1.4 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिलं तर कुशिंगच्या बाजूने कौल. अख्खा दिवस जातो. सोबत पोटाची सोनोग्राफी करून घ्या: दोन्ही अ‍ॅड्रिनल फुगलेल्या दिसल्या तर पिट्यूटरी, एकच मोठी आणि दुसरी सुकलेली असेल तर अ‍ॅड्रिनलची गाठ.

आता सॅम्पल कुठे? जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात किंवा खासगी डॉक्टरांकडे रक्त निघतं, तपासणी पुढे मोठ्या लॅबला जाते. भुसावळ-जळगावकरांना रेल्वेने अकोल्याची पशुवैद्यक संस्था जवळ, नंदुरबारकरांना ताप्तीच्या लाइनने सुरत आणि पुढे नवसारीचं पशुवैद्यक कॉलेज, धुळेकरांना आग्रा रोडने नाशिक. परळचं मुंबई पशुवैद्यक कॉलेज सगळ्यांसाठी आहेच. सॅम्पल पाठवताना रक्ताची नळी तशीच एसटीच्या पार्सलमध्ये टाकू नका. सीरम वेगळं करून बर्फाच्या पॅकसह थर्मासमध्ये ठेवा. लॅबच्या चिठ्ठीवर "कुत्रा" असं ठळक लिहा आणि युनिट विचारून घ्या: मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरला 27.6 ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर. युनिटचा गोंधळ झाला की चांगला रिपोर्ट भयंकर दिसतो, आणि उलटही.

डोस डॉक्टर ठरवतील, पण गणित माहीत असू द्या. कंपनीच्या अमेरिकेतल्या लेबलवर सुरुवात किलोमागे 2.2 ते 6.7 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. 12 किलोला ती 26 ते 80 होते. बरेच जाणकार खालच्या टोकाशी किंवा त्याच्याही खाली राहतात: दिवसाला किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास, किंवा तेच दोन वेळांत विभागून. म्हणजे या कुत्र्याला 20 ची एक, नाहीतर 10 च्या दोन. सुरुवातीलाच मोठी कॅप्सूल देण्यात शहाणपण नाही. डोस वाढवता येतो, अ‍ॅड्रिनल एकदा पूर्ण बसली तर मात्र मोठी पंचाईत.

कॅप्सूल फोडायची नाही, पूड अर्धी-अर्धी करायची नाही. डोस चुकतो आणि भुकटीने हात-डोळे चुरचुरतात. घरात गरोदर बाई असेल तर तिने हात लावू नये. दिवसाला 15 मिलिग्रॅम लागत असेल तर 30 ची फोडण्यापेक्षा 10 आणि 5 अशी जोडी घ्या. एखाद्या फार्मसीने भरून दिलेली स्वस्त कॅप्सूल मिळाली तर ध्यानात ठेवा, आत लेबलइतकंच औषध असेल याची खात्री नसते. एका ठिकाणची सोडून दुसरीकडची घेतली की कॉर्टिसॉल पुन्हा तपासायचं.

आणि कॅप्सूल जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात किंवा भाकरीच्या दहीकाल्यात चटकन जाते. जळगावची केळी हाताशी असतातच, छोटा तुकडा चालेल, मधुमेह असेल तर नको. भरितात कांद्याची पात आणि लसूण, शेवभाजीत तेल आणि तिखट, दोन्ही बाद. कुशिंगमध्ये रक्तातली चरबी वाढलेली असते, स्वादुपिंडाला सूज यायला निमित्त पुरतं. मटणाची चरबी, तूप, तळण बंद.

पहिली फेरतपासणी 10 ते 14 दिवसांनी, मग 4 आठवड्यांनी, 12 आठवड्यांनी, पुढे दर तीन महिन्यांनी. डोस बदलला की पुन्हा 10-14 दिवसांपासून. एसीटीएच स्टिम्युलेशन, म्हणजे अ‍ॅड्रिनलला डिवचून कॉर्टिसॉल मोजायची तपासणी, कॅप्सूल दिल्यावर 4 ते 6 तासांनी करतात: एक सॅम्पल, मग टेट्राकोसॅक्टाइडचं (कृत्रिम एसीटीएच) इंजेक्शन किलोमागे 5 मायक्रोग्रॅम, तासाभराने दुसरं सॅम्पल. त्या दिवशी "ब्लड टेस्ट आहे" म्हणून उपाशी आणलेलं कुत्रं म्हणजे फुकट गेलेली तपासणी. जेवण आणि कॅप्सूल रोजच्यासारखंच.

इथे खान्देशाचं ऊन आडवं येतं. आठला कॅप्सूल दिली तर वेळ येते बारा ते दोनची, आणि मे महिन्यात भुसावळला त्या वेळी धापा टाकणारं कुत्रं रिक्षात घालणं योग्य नाही. उन्हाळ्यापुरती रोजची वेळच पहाटे साडेपाचवर आणा, म्हणजे सॅम्पल साडेनऊ ते साडेअकरामध्ये निघेल. आठवडाभर आधीपासून वेळ सरकवत न्या. इंजेक्शनची 250 मायक्रोग्रॅमची व्हायल 12 किलोच्या चार कुत्र्यांना पुरते. तयार द्रावण प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये -20 अंशांवर साठवता येतं, त्यामुळे डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं तर खर्च वाटला जातो.

इंजेक्शननंतरचं कॉर्टिसॉल 1.5 ते 5.4 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान असेल तर झकास. 9 पर्यंत असून कुत्रा छान असेल तर डोस वाढवायची घाई नको. 1.5 च्या खाली गेलं तर औषध थांबवायचं. इंजेक्शन मिळतच नसेल तर कॅप्सूल देण्याआधीचं एकच कॉर्टिसॉल बघण्याची पद्धत आहे, पण ती शांत आणि तब्येतीने बऱ्या कुत्र्यासाठी. आजारी दिसणाऱ्या कुत्र्यात तिच्यावर विसंबू नये. सोबत सोडियम-पोटॅशियम हवंच, ते गावातली माणसांची लॅबही करून देते.

भूक ही रोजची कसोटी. कुशिंगचं कुत्रं वाटी चाटूनपुसून साफ करतं. त्याने एका सकाळी तोंड फिरवलं तर त्या दिवशी कॅप्सूल नाही. जेवला नाही तर गोळी नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. उलटी, जुलाब, पाय लटपटणं, थरथर यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, रात्र काढायची नाही. कॉर्टिसॉल फार खाली गेलं की पोटॅशियम चढतं, सोडियम उतरतं, हृदयाचे ठोके मंदावतात. सोडियमला पोटॅशियमने भागून 27 च्या खाली आकडा आला तर संशय पक्का धरा. उपचार देणाऱ्यांना बॉक्स दाखवा. कॉर्टिसॉलचं सॅम्पल काढण्याआधी प्रेडनिसोलोन टोचलं तर रिपोर्ट बिघडतो, डेक्सामेथासोनने बिघडत नाही. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही.

एनालाप्रिल, बेनाझेप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी हृदयाचं किंवा बीपीचं औषध चालू असेल तर आधी सांगा, पोटॅशियमचा प्रश्न वाढतो. बुरशीसाठीचं किटोकोनाझोलही कॉर्टिसॉल खाली खेचतं, दोन्ही एकदम नको. इन्सुलिन घेणाऱ्या कुत्र्याची इन्सुलिनची गरज कॉर्टिसॉल उतरताच कमी होते. जुना डोस तसाच राहिला तर साखर कोसळते.

साठवण लेबलप्रमाणे साधारण 25 अंशांच्या खोलीत. मे मध्ये आपल्याकडे ती खोली एसीचीच. कूलरसमोर आणि माठाजवळ ओल असते, स्कूटरची डिकी तर भट्टीच. कॅप्सूलची पट्टी कार्टनमध्येच ठेवा, उन्हाळ्यात महिन्याभरापेक्षा जास्त साठा करू नका, आणि कुरिअरला शनिवारी माल गोदामात अडकणार नाही असा वार सांगा. औषध इथल्या शेल्फवर तयार मिळेल हे गृहीत न धरता दहा-बारा कॅप्सूल उरल्या की पुढचा बॉक्स मागवावा.

फरक केव्हा दिसतो? तहान आणि भूक बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांत उतरते. केस आणि कातडीला तीन ते सहा महिने, मध्ये काही दिवस कोंडा वाढून कुत्रं आधीपेक्षा वाईटही दिसतं. आधी कॉर्टिसॉलने दबलेली सांधेदुखी किंवा खाज वर येऊ शकते, तो औषधाचा दोष नाही. लघवीतला जंतुसंसर्ग या आजारात लक्षणांशिवाय लपून राहतो, म्हणून वर्षातून एक-दोनदा कल्चर करा. उन्हाळ्यात धापांचा अंदाज दुपारी घेऊ नका. रात्री गाढ झोपेत श्वास मोजा, मिनिटाला 30 च्या आत हवा. गोल गोल फिरणं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, ओळख न पटणं हे पिट्यूटरीची गाठ मोठी होत असल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर या कॅप्सूलचा इलाज नाही.

रिपोर्टात एएलपी वाढलंय, पण कुत्रा पाणी बेताचं पितो, पळतो, केस दाट आहेत, अशा कुत्र्याला हे औषध सुरू करू नका. लक्षणंच नसतील तर ती कमी झाली हे कळणार कसं? त्याचं पाणी दर महिन्याला तीन दिवस मोजा आणि वहीत लिहा. मूत्रपिंड किंवा लिव्हर खरोखर निकामी होत चाललेल्या कुत्र्यालाही ते चालत नाही, म्हणून पहिल्या कॅप्सूलच्या आधी क्रिएटिनिन आणि पूर्ण प्रोफाइल हातात हवं.