चिल्लर तपासायला '३०एक्स' भिंग आणि खिशातला काटा: एक घ्या, दुसरं बघून घ्या

ऑनलाइन दुकानांत डझनभर नावांनी विकली जाणारी ही जोडी: '३०एक्स २१ मिमी' असं कोरलेलं घडीचं सराफी भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा २०० ग्रॅमचा वजनकाटा. रोजच्या सुट्ट्या पैशांत टांकसाळीच्या चुका शोधायच्या असतील तर काटा पैसे वसूल करतो. भिंग कामाचं आहे, पण त्यावरचा आकडा खोटा आहे.

तो आकडा घरीच तपासता येतो. भिंगातून खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या कागदावर पाडा, भिंग ते कागद हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २५० ला त्याने भागा. येणारं उत्तर म्हणजे भिंग किती पट मोठं दाखवतं (एक्स). खरं ३०एक्स असेल तर हे अंतर जेमतेम ८ मिमी भरायला हवं. इतकं आखूड अंतर आणि २१ मिमी रुंद काच, तीही कडेपर्यंत स्पष्ट, हे या किमतीत जमणारं गणित नाही. उत्तर १०च्या आसपास आलं तर भिंग ठेवून घ्या, कारण नाण्यांना १०एक्स पुरतं. त्याहून जास्त मोठं केलं की प्रत्येक ओरखडा 'एरर' वाटू लागतो. यूएसबी मायक्रोस्कोपवाल्यांचं नेमकं हेच होतं.

भिंगातला एलईडी बंदच ठेवा. स्टीलच्या नाण्यावर समोरून उजेड पडला की नुसती चकाकी दिसते. खिडकीतला तिरका उजेड घ्या, म्हणजे ठशाला (नाण्यावर नक्षी उमटवणाऱ्या साच्याला) गेलेला तडा उंचावलेल्या रेषेसारखा आणि नंतर पडलेला ओरखडा खोल चरीसारखा दिसतो. तडा ठशात असतो, त्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर तो वर येतो. अक्षरं दुहेरी दिसली तरी हुरळू नका. दुसरी रेघ सपाट, पायरीसारखी असेल तर छाप पडताना ठसा हललेला असतो, आणि अशा नाण्याला कुणी जादा पैसे देत नाही.

सालाखालचं टांकसाळीचं चिन्हही भिंगानेच बघायचं. मुंबईचा पत्त्यातल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याचं चिन्हच नसतं, त्यामुळे 'टांकसाळीचं चिन्ह विसरलेलं दुर्मिळ नाणं' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा कोलकात्याचं साधं नाणं असतं. १० रुपयांच्या नाण्यावर ₹ नसणं हीही चूक नव्हे. ते चिन्ह नाण्यांवर २०११पासून आलं, त्याआधीची नाणी त्याशिवायच आहेत.

आता काटा. कॅलिब्रेशनला बहुधा १०० ग्रॅमचं वजन लागतं आणि ते डब्यात असेलच असं नाही, म्हणून आधी विचारून घ्या. पंखा बंद करा, काटा सपाट जागी ठेवा, सुरू करून दोन मिनिटं थांबा. एकच नाणं मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. आकडा ०.०२ पेक्षा जास्त हलला तर परत पाठवा. ०.०१ दाखवणं वेगळं आणि ०.०१ इतकं अचूक असणं वेगळं.

ताडून बघायला नेमकी वजनं हवीत. २०११च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम (२२ मिमी), दोनचं ४.८५ (२५ मिमी), पाचचं ६, दहाचं ७.७१. जुनं पाचाचं कप्रोनिकेल (तांबं-निकेलचं मिश्रण), जाड कडेचं, ९ ग्रॅम. दोन रुपयांची छाप आहे, कडेची अक्षरं कापली गेलीत आणि काटा ३.७९ दाखवतो, तर छाप रुपयाच्या चकतीवर (छापण्याआधीच्या कोऱ्या नाण्यावर) पडलेली असू शकते. असं नाणं जपून ठेवा. पण १९९२नंतरचा मोठा स्टीलचा रुपयाही २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमच आहे. त्याची चकती दोनच्या छापेखाली गेली तर काटा गप्पच बसेल.

कड कापलेल्या नाण्यात काटा आणि डोळा दोन्ही लागतात. वजन कापलेल्या भागाच्या प्रमाणात कमी हवं, आणि कापाच्या बरोबर समोरची कड पुसट हवी, कारण चकतीची कड उचलताना तिथे दाब मिळालेला नसतो. समोरची कड ठणठणीत आणि कापावर कानशीचे ओरखडे असतील तर ती घरगुती कारागिरी. 'लाखी', म्हणजे एका बाजूचीच छाप दुसऱ्या बाजूवर उलटी आणि खोल उमटलेली, यातही नकली फार. दोन नाणी शिकंजात दाबली तर उलटी छाप मूळ नक्षीच्या अंगावर चढते आणि नक्षी चेपते. खऱ्या लाखीत त्या बाजूला दुसरी नक्षी मुळात नसतेच. पसरट छापेचं, म्हणजे छापताना बाहेर पसरलेलं नाणं मात्र वजनाला पूर्ण भरतं, फक्त व्यासाने मोठं असतं. त्यासाठी व्यास मोजायचा व्हर्नियर वेगळा घ्यावा लागेल.

फिरलेला ठसा (एका बाजूची छाप दुसरीच्या तुलनेत वाकडी) ओळखायला यातलं काहीच लागत नाही. नाणं वर-खाली दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे फिरवा, मागची बाजू सरळच यायला हवी. दहा-पंधरा अंश फिरलेली नाणी भरपूर सापडतात, त्यांना किंमत नाही. ९० किंवा १८० अंश असेल तरच बाजूला काढा.

सापडलेलं नाणं चिंचेने घासू नका, कापडानेही पुसू नका. विकताना वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो देतो म्हणणारे आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क किंवा कर मागणारे भेटतील. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. भिंगासोबत कधीकधी फुकट येणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यांत कप्रोनिकेलवर हिरवट चिकटा धरतो. त्यांऐवजी पुठ्ठ्याचे दोन इंची होल्डर घ्या आणि स्टेपलची टोकं पक्कडीने चेपून टाका, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात.