प्रत्येक मुलाची प्रगती: अ‍ॅपचा डॅशबोर्ड की स्वतःची शीट?

मुंबईतल्या हिंदी माध्यमाच्या वर्गात मराठी शिकवताना हा पेच हमखास पडतो: मुलांची प्रगती भाषेच्या अ‍ॅपच्या डॅशबोर्डवर, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या पानावर बघायची, की स्वतः शीटमध्ये लिहायची?

वेळेच्या बाबतीत डॅशबोर्डच सरस. कोणी धडा पूर्ण केला, कोण अडकलं हे आपोआप दिसतं. शीट स्वतः भरावी लागते. चाळीस मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे ऐंशी मिनिटं. पण रोज चार मुलं घेतली की दहा दिवसांत फेरी पूर्ण होते.

खरा फरक आकड्यांत आहे. अ‍ॅपमधल्या चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजानेही २५ टक्के गुण मिळतात. घरी फोन एकच असेल तर धाकटीचे धडे थोरल्याच्या नावावर चढतात. आणि ८० टक्के अचूकता म्हणजे नेमकं काय चुकलं, हे कळतच नाही. ‘ते पुस्तक’ऐवजी ‘तो पुस्तक’ म्हणणाऱ्याला नपुंसकलिंगाचा सराव हवा. ‘शाळा’चं ‘शाला’ करणाऱ्याला उच्चाराचा. शीटमध्ये रकाने मोजकेच ठेवा: तारीख, मिनिटाला अचूक वाचलेले शब्द, चूक कोणत्या प्रकारची. उतारा दर वेळी त्याच पातळीचा हवा, नाहीतर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. गैरहजर मुलाचा चौकोन रिकामा ठेवा. शून्य टाकलं की सरासरी उगाच घसरते.

स्वतःचा फोन असलेली मोठी मुलं आणि शब्दसंग्रहाचा गृहपाठ असेल तर डॅशबोर्ड पुरतो. प्राथमिक वर्ग, वाचन आणि संभाषण यांसाठी शीटच घ्या.